मरळ कावून मेली

तलाव हा गावाचा आत्मा असतो आणि तो शुद्ध ठेवणं हे प्रत्येक गावकऱ्याचं पवित्र कर्तव्य आहे, असं मी लिहून दिलेलं आहे. स्वतःच्या अक्षरात, अहवालाच्या पहिल्या पानावर. खाली सही, सहीवर कॉलेजचा गोल शिक्का. ज्या आठवड्यात हे लिहिलं त्या आठवड्यात मी तलावाकडे फिरकलो नव्हतो. सहामाहीचे पेपर तपासायचे होते, आणि तलाव आमच्या घरापासून चांगला दहा मिनिटांवर आहे.

आमचं गाव तेलगावहून दिंद्रुडकडे जाताना आत वळल्यावर लागतं. तलाव बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या लोकांनी बांधला. माझ्या लहानपणी त्याचा तळ दिसायचा. पुढे मोटारी बसल्या, मग काठावर ट्रॅक्टर धुणं सुरू झालं, मग ओढ्यातून कारखान्याचं काळं पाणी यायला लागलं, आणि मागच्या वर्षीच्या पुरात जलपर्णी आली. सहा महिन्यांत तिनं पाणी असं झाकलं की एकदा एक कुत्रं त्यावरून चालत निम्म्यापर्यंत गेलं. नंतर ते कुठं गेलं ते कुणी पाहिलं नाही.

तेव्हा गावात तलाव पुनरुज्जीवन समिती निघाली. अध्यक्ष धर्मराज आप्पा. आप्पा आमच्या कॉलेजच्या संस्थेचेही अध्यक्ष आहेत. मी त्या कॉलेजात अकरा वर्षांपासून जीवशास्त्र शिकवतो आणि माझ्या मान्यतेची फाईल अकरा वर्षांपासून आप्पांच्या कपाटात आहे. ती सुस्थितीत आहे असं मला वेळोवेळी सांगण्यात येतं. समितीत मी 'तज्ज्ञ सदस्य' होतो. म्हणजे बैठकीत मला खुर्ची मिळायची आणि बोलायला सांगितलं जायचं नाही.

तरी मी एक गोष्ट स्वच्छ लिहिली होती. जलपर्णी हातानं, मुळासकट उपटून बाहेर काढावी. आत मेली तर कुजेल आणि तलाव मारून टाकेल. समितीनं हे एकमतानं मंजूर केलं, तारीख दिवाळीनंतरची. आता दिवाळीनंतर आमच्या गावात हातानं काम करणारं कोण असतं? दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या गाड्यांत बसून जातात त्या होळीपर्यंत येत नाहीत. मागे उरतात म्हातारी माणसं, मास्तर आणि पुढारी. समितीच्या सात सदस्यांपैकी चार जण मुकादम. टोळ्या त्यांनीच गाड्यांत बसवून दिल्या होत्या. पण उपटायला माणसं लागतील हे बैठकीत त्यांच्याही ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही.

मग आमदारसाहेबांची तारीख मिळाली. आचारसंहिता लागायच्या आत जलपूजन, पंधरा दिवसांवर. आप्पांचा उजवा हात म्हणजे पप्पू. त्यानं प्रश्न सोडवला. थर्माकोलच्या तराफ्यावर दोन माणसं बसवली, त्यांच्या पाठीवर फवारणीचे पंप दिले आणि उसातलं तणनाशक मारायला लावलं. आठवड्यात जलपर्णी पिवळी पडली, मग तपकिरी झाली, मग खाली बसली. पाणी आरशासारखं मोकळं झालं. 'काल' आणि 'आज' असे दोन फोटो जिल्हाभर फिरले. दिंद्रुडचे लोक गाड्या थांबवून सेल्फी काढायला लागले.

आप्पांनी मला बोलावून घेतलं. "सर, शेवटची वळ राह्यली बघा अहवालाची."

"पाणी तपासावं लागेल, आप्पा."

"तपासा की. आजच्या आज तपासा."

कॉलेजच्या पेटीतल्या तपासणीच्या पट्ट्यांची मुदत दोन वर्षांपूर्वी संपली होती. त्यांनी जो रंग दाखवला तो मी लिहिला. पाण्यातल्या प्राणवायूचा आकडा क्रमिक पुस्तकात आदर्श तलावाचा दिला आहे, तो घेतला. शेवटी लिहिलं, 'पाणी सर्व प्रयोजनांसाठी सुरक्षित आहे.'

जलपूजनाला पाच दिवस राहिले असताना सटवा भर दुपारी प्रयोगशाळेत आला. सटवा भोई. त्याचं आयुष्य त्याच पाण्यात गेलेलं, मासेमारीचा ठेका त्याच्याकडे. हातात पिशवी. त्यानं दोन मासे टेबलावर ठेवले.

"रोहू काल मेले, सर. सव्वाशेक असतील. कुनाला दावले न्हाईत. पुरून टाकले."

"खाली पाला कुजतोय, सटवा. कुजताना पाण्यातली हवा संपते. मासा गुदमरतो." हे मी वर्गातल्या आवाजात सांगितलं.

"त्ये कळतंय मला. रोहू गुदमरतोय." त्यानं टेबलावरच्या माशाला बोटानं उलटं केलं. "मरळ कावून मेली?"

मरळ पाण्यावर तोंड काढून हवा घेते. उन्हाळ्यात तळं आटलं तरी चिखलात जगते. बाजारात सटवाच्या पाटीत दिवसभर वळवळत असते. पाण्यातली हवा संपली म्हणून मरळ मरत नाही. हे मी दरवर्षी बारावीला शिकवतो, दोन मार्कांना येतं.

"गोगलगाई बी मेल्यात," सटवा म्हणाला. "पानकावळा आलता परवा. एक बुडी मारली आन् गेला. पुना आला न्हाई. आन् हे बघा." त्यानं धोतर वर केलं. गुडघ्याखाली दोन्ही पाय लालभडक झाले होते.

"पप्पूनं तणनाशकच मारलं ना?"

सटवानं आधी दाराकडे पाहिलं. "पयले दोन दिस त्येच. मग पाला लौकर मरंना. गोडाऊनमधी कपाशीचं औषध उरलतं, अळीचं. त्ये बी वतलं. म्हनला, डबल पावर."

"किती?"

"मोजाया थांबू दिलं न्हाई, सर. हाकललं मला."

कीटकनाशकाला आमच्याकडे औषध म्हणतात. तालुक्याच्या दवाखान्यात 'औषध घेतलंय' म्हटलं की कोणतं, हे कुणी विचारत नाही. सरळ नळी आणतात.

सटवा गेला. मी दोन्ही मरळ फॉर्मलिनच्या बरणीत टाकल्या, बरणीवर चिठ्ठी लावली, 'मरळ', आणि बरणी फळीवर मागच्या रांगेत ठेवली. चिठ्ठीवर तारीख घातली नाही. विसरलो म्हणून नव्हे. तारीख घातली नाही एवढंच.

त्याच संध्याकाळी फाटकाशी मोटारसायकल थांबली. पप्पू आत आला नाही. तो फार अदबीनं बोलतो. त्याला मोठ्यानं बोलताना कुणीच ऐकलेलं नाही.

"सर, सटवा आलता म्हनं."

"हो. सहज."

"त्यो घेतल्यावर कायबी बोलतो. तुमी शिकलेले, तुमाला म्या काय सांगावं." मग तो जरा हसला. "आप्पा म्हनत व्हते, सरांची फाईल यंदा भाईर काढायची. लई दिस झाले."

"त्यांची कृपा."

"आन् सर, तुमच्या गाडीचा मागचा टायर पार गुळगुळीत झालाय. तेलगावचा रस्ता खराब हाय. जपून जात जा."

तो गेल्यावर मी टायर पाहिला. खरंच गुळगुळीत झाला होता. त्यात तो खोटं बोलला असता तर मला एवढी भीती वाटली नसती. दुसऱ्या दिवसापासून मी कॉलेजला चालत जायला लागलो आणि विचारणाऱ्यांना डॉक्टरांनी सांगितलंय म्हणायला लागलो. पाठीमागून मोटारसायकल आली की मी रस्ता सोडून कपाशीत उतरायचो. दोन दिवसांत पायजम्याला इतक्या कुसळी लागल्या की वर्षाराणीनं विचारलं, "कॉलेज रानात नेलं का काय?"

वर्षाराणी माझी बायको. माहेर गेवराईचं, गोदाकाठचं. तिला खोटं लगेच कळतं, फक्त बोलून दाखवण्याची ती घाई करत नाही.

जलपूजनाच्या आदल्या दिवशी सकाळी शेवटची बैठक झाली. साहेबांच्या पीएनं कळवलं होतं की साहेब बाहेरचं काही पीत नाहीत, सबब तलावाचं पाणी त्यांना देऊ नये. आप्पा गंभीर झाले.

"मंग कुनी तरी प्यायला पायजे. लोकान्ला डोळ्यानं दिसलं पायजे. न्हाई तर विरोधक म्हनतील, हे नुसतं फोटोतलं पानी हाय."

"सुवासिनी," एक मुकादम म्हणाला. "पाच सुवासिनींनी कलश भरायचा आन् तीर्थ घ्यायचं."

"बराबर. पयलं नाव सरांच्या मंडळीचं लिव्हा." आप्पा माझ्याकडे पाहत होते. त्या पाहण्यात काहीच नव्हतं, म्हणून मला दुसरीकडे बघता येईना. "अहवाल सरांचा, तीर्थ बी त्यांच्याच घरानं पयलं घ्यावं. इस्वास वाढतो. दुसरं नाव आमच्या सुंदरबाईचं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

घरी येताना मी मनात सुंदरबाईंचं, आप्पांच्या बायकोचं नाव धरून राहिलो. माणूस स्वतःच्या बायकोला औषधाचं पाणी पाजणार नाही. म्हणजे पाण्यात काही नसावं. किंवा असेल, पण आप्पांना माहीत नसावं. किंवा पप्पूनं त्यांनाही सांगितलं नसावं. ह्या तीन शक्यतांपैकी पहिली मला फार आवडली. पण तिच्यात त्या दोन मरळ बसत नव्हत्या. मग मी हिशेब केला. एक पळी म्हणजे पाच मिलि. तलावात पाणी इतके कोटी लिटर. त्यात अमुक डबे. उत्तर इतकं बारीक आलं की मला हायसं वाटलं. मग आठवलं, गोगलगाई त्याच कोटी लिटरमध्ये होत्या.

वर्षाराणी आरशापुढे साडी लावून पाहत होती. निरोप माझ्याआधी पोचला होता.

"तुला बरं नसेल तर नको जाऊस," मी म्हणालो.

"मला काय धाड भरलीया?"

"ऊन लागतं."

"मार्गशीर्षात?"

"गर्दी असते. धक्काबुक्की."

"अहो, अकरा वर्षांत आप्पाच्या घरनं पयल्यांदा बोलावनं आलंय. तुमच्या पोटात कावून दुखतंय?"

मी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं. पाण्यात औषध आहे. तीन शब्द. एवढे शब्द मी वर्गात एका श्वासात बोलतो. मग ती आप्पांच्या घरी नकार कळवेल, सुंदरबाई कारण विचारतील, ही सांगेल, आणि संध्याकाळी फाटकाशी कुणी तरी अदबीनं उभं राहील.

"चहा टाक," मी म्हणालो.

तिनं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि चहा टाकायला गेली.

जलपूजनाचा मांडव बांधावर होता. साहेब दोन तास उशिरा आले. तोवर डीजेवर भक्तिगीतं वाजत होती आणि बाया कलश घेऊन उन्हात उभ्या होत्या. पाण्यावर एक पाखरू नव्हतं. एवढा मोठा तलाव, मार्गशीर्ष महिना, आणि एक बगळासुद्धा नाही. हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नसावं. फोटोवाला तर खूश होता, मधे काही येत नव्हतं. सटवाला दूर, सांडव्याच्या बाजूला थांबायला सांगितलं होतं. तो पाण्याकडे पाठ करून बसला होता.

मला अहवाल वाचायला लावलं. कर्ण्यातून माझाच आवाज समोरच्या काठावरून आपटून परत यायचा. मी "सर्व प्रयोजनांसाठी" म्हणेपर्यंत पलीकडून "आत्मा असतो" येतंय असं वाटत होतं. "सुरक्षित आहे" म्हणालो आणि प्यायला पाणी कुठं दिसतंय का पाहिलं. समोरच्या टेबलावर साहेबांसाठी सीलबंद बाटली होती. मला कुणी काही दिलं नाही.

साहेबांनी पाण्यात नारळ आणि साडी सोडली. आप्पांनी खूण केली. पाच जणी पायऱ्या उतरल्या, पाण्याशी वाकल्या, कलश घेऊन वर आल्या. मी मंचावर मागच्या रांगेत होतो, मला त्यांचे पदर तेवढे दिसले. मग सगळ्यात पुढं वर्षाराणी. तिनं पळीनं पाणी तळहातावर घेतलं.

त्या वेळी मी ओरडायला हवं होतं, हे मला अजूनही कळतं. मी उठलोसुद्धा. पप्पू माझ्या खुर्चीमागेच उभा होता. त्यानं माझ्याकडे बघून खुर्ची जराशी पुढं सरकवली, मला बसायला सोपं पडावं म्हणून. मी बसलो.

ती प्याली. ओला हात डोक्यावरून फिरवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात आपोआप वाजले.

दोनला आम्ही घरी आलो. तसलं औषध पोटात गेलं की काय होतं ते मला पाठ आहे. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. डोळ्यांतून, नाकातून, तोंडातून पाणी सुटतं. घाम फुटतो. मग श्वास. मी तिच्यासमोर खुर्ची घेऊन बसलो. ती साडीची घडी घालत होती. मी तिच्या डोळ्यांत बघत होतो.

"काय बघताय? लगीन ठरवताय का?"

"डोळे वर कर जरा."

"आज काय झालंय तुमाला?"

बाहुल्या बऱ्या वाटल्या. मग बारीक वाटल्या. मग मी खिडकी लावली, त्या मोठ्या झाल्या. मग उघडली. असं अर्धा तास चाललं. शेवटी ती वैतागून स्वयंपाकघरात गेली. मी बाहेर घड्याळ धरून बसलो. दोन-चार मिनिटांनी आतून खोकल्याचा आवाज आला. आधी एक, मग लागोपाठ. मी आत धावलो. तिच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाक वाहत होतं, कपाळावर घाम होता.

मी गॅस बंद केला आणि तिचा हात धरला. "चल. माजलगावला, दवाखान्यात. आत्ताच्या आत्ता. उलटी करता येते का बघ. मीठ कुठंय?"

"अहो, सोडा. कावून?"

"पाण्यात औषध होतं. तलावात. कपाशीचं. पप्पूनं ओतलं. मला माहीत होतं, वर्षा. मरळ मेल्या होत्या. चल लवकर, श्वास लागतोय का तुला?"

तव्यावर ठेच्यासाठी टाकलेल्या मिरच्या होत्या. धूर अजून निघत होता. आता माझ्याही डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

तिनं पदरानं नाक पुसलं. हात सोडवून घेतला.

"तळ्याचं पानी न्हवतं त्ये," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"जारचं व्हतं. काल सुंदरबाईनी पाची जनींला वाड्यावर बोलावलतं. घरनंच कलश भरून न्यायचे, पायरीवर नुसतं वाकायचं. आप्पांनी त्यास्नी बजावलंय, तळ्याचं थेंबभर बी तोंडाला लावायचं न्हाई म्हनून."

मी खाली, फरशीवरच बसलो. आधी फक्त बरं वाटलं. इतकं बरं की हसू आलं.

"मला सांगितलं नाहीस," मी म्हणालो.

"तुमचा अहवाल खोटा पडंल, तुमच्या जिवाला लागंल, असं वाटलं मला. तुमी इमानानं लिव्हलाय म्हनून गप बसले." तिनं मिरच्यांकडे पाहिलं. "तुमाला कवापासनं ठाव व्हतं?"

"पाच दिवस."

तिनं गॅस पुन्हा पेटवला. मिरच्या एकेक करून उलटल्या.

"आप्पांनी त्यांच्या मंडळीला सांगितलं," ती म्हणाली. टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं.

तिनं जेवायला वाढलं, ठेचाही वाढला. मी जेवलो. तिचं ताट मला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं रिकामा जार उंबऱ्यावर आणून ठेवला. वीस लिटरचा, निळा. "सुंदरबाईंचा हाय. कलश भरून उरलेलं पानी जारसकट मला दिलतं, त्ये संपलं. पान्याच्या प्लांटवर देऊन या."

प्लांट कुठं आहे हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे जार आणते ती, गेली चार वर्षं. विचारत विचारत गेलो. बांधाच्या पायथ्याला, पलीकडच्या अंगानं पत्र्याची खोली आहे. जार भरणारा हनुमान दारातच बसला होता. त्यानं जार घेतला, विसळला, मशिनीखाली लावला.

"फिल्टर चालू आहे ना?" मी विचारलं.

"दिवाळीपास्नं बंद हाय, सर. आता नुसतं गार करून देतो."

"आणि पाणी?"

त्यानं हातानं खोलीच्या मागे दाखवलं. बोअर तलावाच्या बांधापासून चाळीस फुटांवर आहे.